श्रद्धा आणि वैज्ञानिक दृष्टी

प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिवसाची सुरुवात देवापुढे दिवा लावून, नमाज अदा करून, प्रार्थना म्हणून किंवा गुरुवाणीचे स्मरण करून होते. त्याच घरात डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे असतात, बाळाच्या लसीकरणाचे कार्ड जपून ठेवलेले असते आणि हवामानाचा अंदाज ऐकून पेरणीचा किंवा प्रवासाचा दिवस ठरवला जातो. श्रद्धा आणि विज्ञान अशा रीतीने एकाच छपराखाली नांदत असतात. मात्र कोणी सरळ विचारले, की “तुम्ही देव मानता, मग विज्ञान कसे मानता?” तर उत्तर देताना आपण अडखळतो. श्रद्धाळू माणसाला विज्ञानाची भीती वाटावी आणि विज्ञान शिकणाऱ्याला श्रद्धेची लाज वाटावी, असे काही या दोहोंच्या स्वरूपात आहे काय? प्रस्तुत पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –

• विज्ञानाचे प्रश्न आणि श्रद्धेचे प्रश्न यांतील फरक सांगू शकाल;
• श्रद्धावान असूनही विज्ञाननिष्ठ राहिलेल्या व्यक्तींची उदाहरणे देऊ शकाल;
• श्रद्धा केव्हा घातक ठरते, हे ओळखू शकाल;
• भिन्न श्रद्धेच्या माणसांशी मोकळ्या मनाने कसे वागावे, याविषयी आपले मत मांडू शकाल.

दोन प्रकारचे प्रश्न

घरातील एखादे माणूस गंभीर आजारी पडले, अशी कल्पना करा. त्या वेळी आपल्या मनात अनेक प्रश्न उभे राहतात. ताप कशाने आला? कोणते औषध लागू पडेल? रक्ताच्या तपासणीत काय आढळले? हे प्रश्न एका प्रकारचे आहेत. त्यांची उत्तरे निरीक्षणाने, तपासणीने आणि पूर्वानुभवाच्या पडताळणीने मिळतात. ही उत्तरे रोग्याचा धर्म कोणता यावर अवलंबून नसतात. हिवतापाचा जंतू मंदिरात जाणाऱ्याला आणि मशिदीत जाणाऱ्याला एकाच प्रकारे आजारी पाडतो व औषधही दोघांना सारखेच लागू पडते.

पण त्याच रुग्णशय्येजवळ बसलेल्या माणसाच्या मनात आणखीही काही प्रश्न असतात. हे दुःख मी कसे सोसू? रात्रभर जागण्याचे बळ कोठून आणू? माणूस हातचा गेलाच, तर उरलेल्यांनी कशाच्या आधाराने जगावे? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. कोणी ती ईश्वरावरील श्रद्धेत शोधतो, कोणी आप्तांच्या मायेत, तर कोणी कर्तव्यभावनेत.

पहिल्या प्रकारचे प्रश्न जग कसे चालते याविषयीचे आहेत. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आपण कसे जगावे याविषयीचे आहेत. पहिल्यांसाठी विज्ञान हे मानवाच्या हाती असलेले सर्वांत विश्वसनीय साधन आहे. दुसऱ्यांसाठी श्रद्धा हा अनेकांचा आधार आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी राहिला, तर दोघांत भांडण होण्याचे कारण नाही. भांडण सुरू होते ते एकाने दुसऱ्याच्या जागेवर हक्क सांगितल्यावर.

फॅरडे यांचा प्रयोग

मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) हे इंग्लंडमधील एका लोहाराचे पुत्र. त्यांचे शालेय शिक्षण अगदी जुजबी झाले होते. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचता वाचता विज्ञानाकडे वळले. पुढे १८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज वीजनिर्मिती केंद्रांतील जनित्रे याच तत्त्वावर चालतात. शाळेबाहेर राहूनही ज्ञानाची वाट चालता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

फॅरडे अत्यंत धर्मनिष्ठ होते. एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे ते आजन्म अनुयायी होते आणि त्या पंथात त्यांनी जबाबदारीचे पदही सांभाळले. असा श्रद्धावान माणूस चमत्काराच्या गोष्टींवर सहज विश्वास ठेवील, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात घडले ते वेगळे.

१८५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका खेळाचे वेड पसरले होते. माणसे एका मेजाभोवती बसत, त्यावर हात ठेवत आणि थोड्या वेळाने मेज हलू लागे, फिरू लागे. हे मृतात्म्यांचे कार्य आहे, असे अनेकांना वाटे. फॅरडे यांनी त्यांची थट्टा केली नाही आणि त्यांच्या म्हणण्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. त्यांनी एक साधा प्रयोग केला. हात आणि मेज यांच्यामध्ये त्यांनी पुठ्ठ्याचे थर ठेवले. हे थर मऊ चिकट पदार्थाने एकमेकांना हलकेच जोडलेले होते. मेज आधी हलले, तर खालचा थर पुढे सरकला असता. हात आधी हलले, तर वरचा थर पुढे सरकला असता. प्रयोगानंतर पाहिले, तर वरचा थर पुढे सरकलेला होता. अर्थात मेज हातांना हलवत नव्हते, हातच मेजाला हलवत होते. नंतर त्यांनी हातांचा दाब कोणत्या दिशेने पडतो हे दाखवणारा एक काटा बसवला. तो काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच मेजाचे हलणे थांबले.

त्या मंडळींनी लबाडी केली, असे फॅरडे म्हणाले नाहीत. ती माणसे प्रामाणिक होती. मेज हलावे ही इच्छा मनात इतकी दाटली होती, की त्यांच्या नकळत त्यांचेच हात मेज ढकलत होते. माणूस स्वतःला कसा फसवतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी दिलेल्या एका व्याख्यानात फॅरडे यांनी सांगितले, की आपल्याला जे खरे असावेसे वाटते त्याविषयीच आपण अधिक सावध राहिले पाहिजे. आपली धर्मश्रद्धा मात्र त्यांनी या जगातील घटनांविषयीच्या मतांपासून स्पष्टपणे वेगळी ठेवली. ईश्वरावर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाचा आधार घेऊन आपल्यापुढे केलेला प्रत्येक दावा त्यांनी मान्य केला नाही.

देवघर आणि दुर्बीण

श्रद्धा आणि विज्ञान एकाच मनात कसे नांदू शकतात, याचे आणखी स्पष्ट उदाहरण बेल्जियममधील जॉर्ज लमेत्र (१८९४–१९६६) यांच्या जीवनात दिसते. लमेत्र १९२३ मध्ये कॅथलिक धर्मगुरू झाले. ते भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे अभ्यासकही होते. १९२७ मध्ये त्यांनी आईनस्टाईन यांच्या सापेक्षता सिद्धांताच्या आधारे विश्व प्रसरण पावत आहे, असे प्रतिपादन केले. १९३१ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. विश्व प्रसरण पावत असेल, तर भूतकाळात ते अत्यंत लहान व घन अवस्थेत असले पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. या कल्पनेतूनच पुढे महास्फोट सिद्धांत विकसित झाला.

यानंतरची हकिकत विशेष विचार करण्यासारखी आहे. १९५१ मध्ये कॅथलिक पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या संशोधनाचा गौरव केला आणि विज्ञान आता ईश्वराच्या सृष्टिनिर्मितीला दुजोरा देत आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. एका धर्मगुरूच्या सिद्धांताला खुद्द पोपनी उचलून धरले होते. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते अस्वस्थ झाले. पोपनी पुन्हा असे विधान करू नये, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

लमेत्र यांना असे का वाटले असावे? त्यांचा सिद्धांत हा विज्ञानाचा सिद्धांत होता. नवा पुरावा मिळाला तर तो बदलावा लागेल, कदाचित टाकूनही द्यावा लागेल, हे ते जाणून होते. अशा बदलत्या पायावर श्रद्धेची इमारत उभी केली, तर उद्या पाया हलताच इमारतही कोसळेल. शिवाय आपल्या श्रद्धेला सोयीचा आहे म्हणून एखादा सिद्धांत खरा मानू लागलो, तर सत्याचा शोधच संपतो. म्हणून आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून अलिप्त आहे, असे ते सांगत राहिले. आस्तिक आणि नास्तिक या दोघांनाही तो सारख्याच मोकळेपणाने तपासता आला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. लमेत्र अखेरपर्यंत धर्मगुरू राहिले. त्यांच्या निधनाच्या थोडे आधी, विश्वाच्या आरंभकाळातील उष्णतेचा अवशेष असलेले प्रारण शास्त्रज्ञांना सापडल्याची वार्ता त्यांना समजली. त्यांच्या सिद्धांताला निरीक्षणाचा भक्कम पुरावा मिळाला होता.

मटारच्या रोपांवर १८५६ ते १८६३ या काळात प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हेही मठात राहणारे धर्मोपासक होते. मटारचा दाणा गोल होईल की सुरकुतलेला, हे त्यांनी कोणत्याही ग्रंथाला विचारले नाही. हजारो रोपे वाढवली, दाणे मोजले आणि आकड्यांना बोलू दिले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या शास्त्रज्ञांची श्रद्धा हा ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे. अनेक थोर शास्त्रज्ञ निरीश्वरवादीही होते आणि आहेत. या उदाहरणांवरून एवढेच सिद्ध होते, की श्रद्धा बाळगणारा माणूस विज्ञानाशी पूर्णपणे प्रामाणिक राहू शकतो.

दोन श्रद्धावंतांमधील मतभेद

आता आपल्या देशातील एका प्रसंगाकडे वळू. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहार आणि नेपाळ या प्रदेशांत भीषण भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी महात्मा गांधी अस्पृश्यता निवारणासाठी दक्षिण भारताचा दौरा करत होते. तिरुनेलवेली येथील भाषणात त्यांनी म्हटले, की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे.

या विधानाला रवींद्रनाथ टागोर यांनी जाहीर विरोध केला. टागोर नास्तिक नव्हते. त्यांच्या काव्याचा प्राणच ईश्वरभक्तीचा होता. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर ते गांधीजींच्या बाजूचे होते. सप्टेंबर १९३२ मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी उपोषण सोडले, तेव्हा टागोर त्यांच्याजवळ उपस्थित होते. तरीही त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की नैसर्गिक आपत्तींची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. अशा युक्तिवादाचा उपयोग गांधीजींच्या विरोधकांनाच अधिक होईल. अस्पृश्यता मोडल्यामुळेच देव कोपला, असे उद्या सनातनी म्हणू लागले, तर त्यांना कसे खोडून काढणार?

गांधीजींनी टागोरांचे निवेदन आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले आणि सोबत आपले उत्तरही दिले. निसर्गनियमांविषयीचे आपले अज्ञान त्यांनी मान्य केले. भूकंप आणि अस्पृश्यता यांचा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, हेही त्यांनी कबूल केले. मात्र ही आपली श्रद्धा असल्याचे सांगून त्यांनी आपले मत कायम ठेवले.

या वादात विज्ञानाच्या दृष्टीने टागोरांची बाजू बरोबर होती, हे आज निर्विवाद आहे. भारतीय उपखंड ज्या भूपट्टावर आहे, तो दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. हिमालयाच्या पायथ्याशी त्यामुळे खडकांवर प्रचंड ताण साचतो. तो ताण अचानक मोकळा झाला की भूकंप होतो. १९३४ मध्ये अस्पृश्यता पाळणाराही दगावला आणि ती सोसणाराही. भूकंपाने माणसांची निवड केली नव्हती. अस्पृश्यता हे घोर पाप आहे, हे मात्र भूकंप झाला काय किंवा न झाला काय, तितकेच खरे राहते. नीतीला भूकंपाच्या साक्षीची गरज नसते.

या प्रसंगातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गांधीजींनी विरोधी मत दडपले नाही, स्वतःच्या पत्रात ते सर्वांपुढे ठेवले. टागोरांनी मतभेद स्पष्ट मांडला, पण आदर सोडला नाही. दोघांची श्रद्धा अबाधित राहिली आणि स्नेहही टिकला. मोकळे मन म्हणतात ते याला.

श्रद्धा कोठे वाट चुकते?

आतापर्यंतची उदाहरणे विचारांच्या पातळीवरील होती. पण श्रद्धेची वाट चुकली तर जीवही जाऊ शकतो. सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मरण पावली असावीत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले.

साप चावला की अनेक ठिकाणी आजही आधी मांत्रिकाकडे धाव घेतली जाते. मांत्रिकाकडे गेलेली बरीच माणसे बरी होतात, हे खरे आहे. म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण त्याचे कारण मंत्र हे नाही. आपल्या देशात आढळणाऱ्या सापांच्या बहुसंख्य जाती बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या प्रमुख विषारी सापांच्या दंशातही प्रत्येक वेळी पुरेसे विष शरीरात जातेच असे नाही. ज्यांच्या शरीरात विष गेलेलेच नसते, ते मंत्राशिवायही वाचले असते. ज्यांच्या शरीरात ते गेलेले असते, त्यांना प्रतिविषाचीच गरज असते. घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तापासून हे औषध तयार करतात. मंत्र म्हणण्यात गेलेला तास–दोन तासांचा वेळ अशा रुग्णाच्या जिवावर बेततो.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी अशा प्रथांविरुद्ध जनजागृतीचे काम केले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला.

हा कायदा धर्माच्या विरोधात आहे, असा समज अनेकांचा होता. कायद्यातील तरतुदी पाहिल्या म्हणजे हा समज दूर होतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा ठरतो. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना मात्र कायदा हात लावत नाही. घरी किंवा प्रार्थनास्थळी केलेले, कोणाला शारीरिक इजा न करणारे धार्मिक विधीही कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. पंढरीची वारी करणारा वारकरी आणि रुग्णाला दवाखान्यात जाऊ न देणारा भोंदू यांच्यात कायद्याने स्पष्ट रेषा आखली आहे. आजारी माणसासाठी अवश्य प्रार्थना करावी. ती रुग्णवाहिकेत बसूनही करता येते.

आपल्या संविधानातही हाच तोल साधलेला दिसतो. अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला धर्म मानण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य देतो. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. म्हणजे एकाच नागरिकाला धर्माचे स्वातंत्र्य आहे आणि वैज्ञानिक दृष्टीचे कर्तव्यही आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, असा विश्वास संविधानाने आपल्यावर टाकला आहे.

एक आक्षेप

यावर कोणी असे म्हणेल, की ही विभागणी फार सोपी करून मांडली आहे. धर्मग्रंथांत सृष्टीच्या उत्पत्तीविषयी, ग्रहताऱ्यांविषयी, रोगांविषयीही विधाने असतात. ती विज्ञानाच्या विरोधात गेली तर काय करायचे? हा आक्षेप रास्त आहे आणि इतिहासात त्याचे कटू दाखले आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताचा पुरस्कार केल्याबद्दल गॅलिलिओ यांच्यावर १६३३ मध्ये धर्मपीठाने खटला चालवला. त्यांना आपले मत मागे घ्यायला लावले आणि उरलेले आयुष्य नजरकैदेत काढावे लागले. या प्रकरणात आपल्या धर्मपंडितांची चूक झाली होती, हे कॅथलिक धर्मपीठाने १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. पृथ्वी मात्र मधल्या काळातही सूर्याभोवती फिरतच होती.

अशा वेळी मार्ग एकच उरतो. दृश्य जगाविषयीच्या प्रश्नात पुराव्याचा शब्द अखेरचा मानावा. ग्रंथातील असे विधान त्या काळच्या ज्ञानाची मर्यादा म्हणून किंवा रूपक म्हणून समजून घ्यावे. यामुळे श्रद्धा उणी होत नाही. चंद्रग्रहण ही पृथ्वीची सावली आहे हे कळल्यावरही चंद्र पाहून हात जोडावेसे वाटले, तर त्यात गैर काही नाही. ग्रहणकाळात गरोदर स्त्रीला अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवणे मात्र गैर आहे, कारण त्यात आई व बाळ या दोघांचे अहित आहे.

मोकळे मन

श्रद्धेची आणखी एक कसोटी आहे. आपल्याहून वेगळी श्रद्धा असणाऱ्याशी, किंवा कोणतीच श्रद्धा नसणाऱ्याशी, आपण कसे वागतो?

महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) हे ईश्वर मानणारे होते. त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत. पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ असावा, हे त्यांना मान्य नव्हते. एखादी गोष्ट पूर्वापार चालत आली म्हणून ती खरी मानणेही त्यांनी नाकारले. १८७३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नावच सत्यशोधक समाज होते. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी एका कुटुंबाचे चित्र रेखाटले आहे. त्या घरातील आई, वडील, मुलगी आणि मुलगा यांनी आपापल्या अभ्यासाने व विचाराने वेगवेगळे धर्म स्वीकारले, तरी सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एकत्र राहावे, असे ते सांगतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विचार आजही आपली परीक्षा पाहणारा आहे.

असे कुटुंब शक्य होण्यासाठी प्रत्येकाने एक गोष्ट मनाशी मान्य करावी लागते: माझी श्रद्धा माझ्यासाठी कितीही सत्य असली, तरी ती मी दुसऱ्यावर लादू शकत नाही. जी श्रद्धा प्रश्नाला भिते, ती हळूहळू हट्ट बनते. जी प्रश्न ऐकून घेते, ती माणसाला नम्र करते. विज्ञान मानणाऱ्यालाही ही नम्रता आवश्यक आहे. श्रद्धाळू माणसाला मूर्ख समजून त्याची टवाळी करणे हे वैज्ञानिक दृष्टीचे लक्षण नव्हे. मेजावर हात ठेवून बसलेल्या माणसांना फॅरडे हसले नाहीत. त्यांनी प्रयोग करून दाखवला.

समारोप

श्रद्धा आणि विज्ञान यांच्यापैकी एकाचीच निवड केली पाहिजे, असे बंधन आपल्यावर नाही. आवश्यकता आहे ती काही प्रश्न स्वतःला वारंवार विचारण्याची. माझी श्रद्धा मला बळ देते, की मला घाबरवते? तिच्यामुळे कोणाचे आरोग्य, पैसा किंवा सन्मान धोक्यात येतो का? तिच्या नावाने कोणी माझी फसवणूक करत आहे का? पुरावा माझ्या समजुतीच्या विरुद्ध गेला, तर तो स्वीकारण्याची माझी तयारी आहे का? आणि जो माझ्यासारखा विचार करत नाही, त्याला मी आपल्या शेजारी सन्मानाने बसवू शकतो का? या प्रश्नांना जो प्रामाणिकपणे सामोरा जातो, त्याच्या देवघरातील दिवा आणि त्याच्या हातातील पुस्तक यांच्यात विरोध उरत नाही.

स्वाध्याय

१. जग कसे चालते याविषयीचे प्रश्न आणि कसे जगावे याविषयीचे प्रश्न यांतील फरक आपल्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. मेज हलण्याचे खरे कारण शोधण्यासाठी फॅरडे यांनी कोणता प्रयोग केला? त्यातून काय सिद्ध झाले?

३. पोपनी केलेल्या गौरवामुळे लमेत्र अस्वस्थ का झाले असावेत, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. मांत्रिकाकडे गेलेली सर्पदंशाची माणसे बरी होतात, यामागील कारण सांगा. आपल्या परिसरात साप चावल्यास प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते, याची माहिती मिळवून ती शेजाऱ्यांना सांगा.

५. ‘नीतीला भूकंपाच्या साक्षीची गरज नसते.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करून त्यावर आपले मत मांडा.